पूर, भिंती आणि माशांची सोयरीक

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्यानंतर मिठी नदी रुंद व खोल करून तिच्या काठांना काँक्रीटच्या भिंती घालण्याचे काम सुरू झाले. मी कुर्ल्यात राहतो. त्या दिवशी माणसे बुडाली, म्हणून भिंत मागणाऱ्या शेजाऱ्यांना मी दोष देणार नाही. मात्र या बांधकामाच्या हिशेबात नदीकाठच्या जीवांच्या वंशाला येणारी तूट कधीच धरली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वलगणीला, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला वर चढतात तेव्हा, ते नदीतून ओहोळात आणि ओहोळातून भातखाचरांत शिरतात, तिथे अंडी घालतात आणि पाणी ओसरताना पिल्ले नदीत उतरतात. एरवी वेगवेगळ्या डबक्यांत अडकून राहणाऱ्या मरळीसारख्या माशांच्या आणि बेडकांच्या गटांची सोयरीक जुळते ती पूरमैदानावर पसरलेल्या या पाण्यातच.

भिंत किंवा भराव आला की ही ये-जा थांबते. प्रजननाच्या दृष्टीने एखाद्या गटाची परिणामकारक संख्या (ढोबळमानाने, पुढच्या पिढीला प्रत्यक्ष जन्म देणाऱ्या जीवांची संख्या) ५० असेल, तर दर पिढीला त्याच्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे १ टक्का निव्वळ योगायोगाने गळून जातो. तीच संख्या ५०० असेल, तर ही गळती ०.१ टक्का एवढीच राहते. लहान माशांची पिढी वर्षा-दोन वर्षांची असल्यामुळे ५० पिढ्या माणसाच्या एका आयुष्यातही उलटू शकतात आणि तेवढ्यात कोंडलेल्या लहान गटाची जवळपास ४० टक्के विविधता नाहीशी झालेली असते. मासे मात्र दिसत राहतात, त्यामुळे केवळ डोकी मोजणाऱ्याला काहीच बिघडलेले जाणवत नाही; नवा रोग आला किंवा पाणी तापले, की झुंजण्यासाठी लागणारी जनुके त्या गटात उरलेली नाहीत हे तेव्हा कळते. याउलट, दर पिढीला बाहेरचा एखाद-दुसरा जीव जरी गटात मिसळला, तरी ही झीज पुष्कळ आटोक्यात राहते.

सिंधू नदीत १९३२ साली सुरू झालेल्या सक्करसह अनेक बंधाऱ्यांनी तिथल्या डॉल्फिनचे असेच तुकडे पाडले आणि त्यांतले काही तुकडे पुढे नष्टही झाले.

मिठीचा बराचसा काठ आता हातचा गेला आहे. पण उल्हास नदीकाठी, कर्जत ते बदलापूर या पट्ट्यात, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी शेते अजून आहेत. तिथे भरावाला परवानगी देण्यापूर्वी पुराचे पाणी किती वर चढेल एवढेच न पाहता, ते कोणकोणती डबकी एकमेकांना जोडते याचीही पाहणी सक्तीची करावी, आणि भिंत टाळता येत नसेल तर ती काठापासून शक्य तितकी मागे घ्यावी.