तुझ्या वेळी सोपं असेल

सगळे झोपलेत. मला झोप नाही, म्हणून लिहितेय.

जेवणं झाल्यावर मोठी लॅपटॉप घेऊन कॉमन ॲप, म्हणजे बऱ्याच कॉलेजांचा मिळून एकच प्रवेश अर्ज, भरत होती आणि धाकटा तिच्या खांद्यावरून डोकावत होता. नागरिकत्वाचा प्रश्न आला. तिने ‘अमेरिकेबाहेरच्या देशाचे नागरिक’ निवडलं, मग भारत, मग व्हिसाच्या यादीतून एच-फोर, नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा. सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना कोरा ठेवून ती पुढे गेली. धाकट्याने विचारलं, ‘‘ताई, हे का नाही भरलंस?’’

‘‘माझ्याकडे नंबर नाहीये. तुझ्याकडे आहे. तुझ्या वेळी सोपं असेल.’’

एवढंच बोलली. आवाजात चीड नाही, दुःख नाही. गणिताची रीत समजावून सांगावी तसं सांगितलं. मी ओट्यापाशी भांडी आवरत होते, ते वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये.

दोघांत आम्ही कधी डावं-उजवं केलं नाही. दिवाळीचे कपडे असोत की शेवटची चकली, दोघांना सारखंच. आणि हा एक कागद म्हणतो, ही वेगळी, तो वेगळा. तिचा जन्म चिंचवडचा, त्याचा इथला, टेक्सासमधल्या प्लेनोचा. तीन वर्षांची असताना तिला इथे आणली, बालवाडीपासूनची सगळी शाळा इथलीच. तरी फाफसा, म्हणजे शिक्षणासाठी सरकारी मदतीचा अर्ज, त्याच्यासाठी, तिच्यासाठी नाही. त्यामुळे सरकारी कर्जसुद्धा नाही. मैत्रिणी उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी करतात. एच-फोरवर हिला एक डॉलर कमावता येत नाही, म्हणून ही फूड बँकेत फुकट डबे भरते. गाडीचं लायसन्स मिळालं त्या दिवशी किती खूश होती! त्यावरही ‘लिमिटेड टर्म’ छापलेलं, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतंच.

इतकी वर्षं कर भरतोय आपण. यांची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत लागल्याची तारीख, 2015 ची. एका देशाला सात टक्क्यांच्या वर ग्रीन कार्डं नाहीत, मग देश केवढाही असो. 21 पूर्ण झाली की ती यांच्या व्हिसावरून बाहेर. तोवर नंबर लागला नाही तर इथेच वाढलेल्या मुलीने शिकण्यासाठी म्हणून एफ-वन घ्यायचा. 2016 ला आईंच्या आजारपणात परत जायचं जवळजवळ ठरलं होतं... ते आज नको.

पण खरं सांगायचं तर मला कायदा बोचत नाहीये. तो पाठ झालाय. तिने मला विचारलं नाही, ते बोचतंय. शाळेच्या सहलीचा फॉर्म असला तरी ‘‘आई, इथे काय लिहू?’’ म्हणून मागे लागणारी मुलगी. हे सगळं तिला समोर बसवून आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. वकिलांशी चाललेले फोन, महिन्याच्या महिन्याला रांग कुठवर सरकली ते सांगणारं व्हिसा बुलेटिन आलं की यांचा उतरलेला चेहरा, यातूनच ती शिकली असणार. कधी शिकली, मला कळलंही नाही.

नंतर तिने तिचा तक्ता दाखवला. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट हिरव्या रंगात: तिथे प्रवेश देताना ऐपत बघत नाहीत, पासपोर्ट कुठलाही असो. स्टॅनफर्ड पिवळं: परदेशी नागरिकाने मदत मागितली, तर ते प्रवेशाच्या वेळी विचारात घेतात. त्यापुढे लिहिलेलं, ‘बाबांशी बोलणे’. पोटात तुटलं माझ्या.

ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाची ओळ मात्र मी दोनदा वाचली. 1997 च्या कायद्याने टेक्सासच्या शाळेतल्या वरच्या मुलांना थेट प्रवेश आहे. ऑस्टिनला 2026 च्या प्रवेशांपासून पहिले पाच टक्के. तिथे वर्गातला क्रमांक बघतात, आणि तिचा त्यात बसतो. एच-फोरच्या मुलांना टेक्सासचे रहिवासी म्हणून इथलीच फी लागू शकते. तिला खरं तर लांब जायचंय, ऑस्टिन नकोय. नको तर नको. पण एक दार तिचं स्वतःचं आहे, हे वाचून जरा श्वास आला.

आणि ते वाक्य आठवतेय तर वाटतं, ती धाकट्याला धीर देत होती. पाचवीतला पोर तो लांबलचक फॉर्म बघून घाबरला होता. तिच्या मनात त्याच्याशी बरोबरी नव्हतीच. तो हिशेब माझा मीच मांडत बसले. बोच पूर्ण गेली असं नाही. निकाल येईपर्यंत जाणारही नाही. चालेल. हे घेऊनच तिच्याशेजारी बसायचं.

ऑस्टिनची पहिली मुदत 15 ऑक्टोबरची. उद्या टेक्सासच्या रहिवासाचे प्रश्न भरायचेत: आई-बाबा या राज्यात कधीपासून आहेत, नोकरी कुठे, घर कोणाच्या नावावर. ते तिला पाठ नाही. झोपायला जाताना म्हणाली, ‘‘आई, उद्या तू लागशील मला, साडेसातला.’’ घराचे कागद वरच्या कपाटात आहेत, सकाळीच काढून ठेवते.