रात्री रिसेप्शन आहे म्हणून दुपारी उपाशी राहू नका

लग्नसराई सुरू झाली की नागपुरात घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "आज रात्री रिसेप्शन आहे न, मग दुपारी नको जेवण." हिशेब सरळ वाटतो, पण रात्री तो हमखास मोडतो. मग माणूस स्वतःच्या जिभेला दोष देतो. माझ्या मते दोष जिभेचा कमी आणि त्या चुकवलेल्या जेवणाचा जास्त.

भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक 1999 मध्ये सापडलं. पोट रिकामं राहिलं की ते वाढतं, आणि समोरचं तळलेलं, गोड अधिकच हवंहवंसं वाटू लागतं. पत्रिकेवर वेळ सातची असते, ताट हातात यायला नऊ वाजतात. सकाळी नऊला तर्री-पोहे खाऊन निघालेला माणूस बारा तासांनी चाटच्या काउंटरपुढे उभा राहिला, तर तो भरभरच खाणार. आतड्यांकडून निघालेला "पुरे" हा निरोप मेंदूत नीट पोचायला साधारण 15 ते 20 मिनिटं लागतात. तोवर पाणीपुरी, मंचुरियन आणि पनीर टिक्का पोटात गेलेले असतात, आणि जेवण अजून व्हायचंच असतं.

म्हणून त्या दिवशी दुपारी एकला नेहमीसारखं जेवा: दोन पोळ्या, भाजी, वाटीभर घट्ट वरण, दही. निघण्याआधी सहाच्या सुमारास मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम फुटाणे आणि पेलाभर ताक. फुटाण्यांतून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि हात सावकाश चालतो.

दुसरी अडचण मनाची आहे. 1975 मधल्या एका गाजलेल्या प्रयोगात आधी मिल्कशेक प्यायला देऊन मग आइस्क्रीम हवं तेवढं खायला दिलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. कायम डाएटवर असणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्लं. मोडलंच आहे तर आता उद्यापासून बघू, हा तो विचार. "आज गोड बंद" असा नियम एका गुलाबजामनं तुटतो आणि मग पाचवाही जातो. "आज दोन गुलाबजाम" हे ठरवलं तर तुटायला काही उरत नाही.

बुफेत तिसरी गोष्ट घडते. एकाच चवीचा मेंदूला लवकर कंटाळा येतो, पण तो कंटाळा त्या चवीपुरताच असतो. पोट गच्च भरल्यावरही संत्रा बर्फीला जागा निघते ती यामुळे. 1981 च्या एका अभ्यासात एकाऐवजी चार प्रकारांचे सँडविच ठेवले, तर लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. तिथे चार होते, आपल्याकडे काउंटरच वीस असतात. ताट न घेता आधी एक चक्कर मारा, खरोखर हवेत ते चार पदार्थ ठरवा, मग ताट उचला आणि खुर्ची शोधून बसून खा. उभ्या उभ्या, बोलता बोलता तोंडात टाकलेलं लक्षात राहत नाही, आणि लक्षात राहणं फार महत्त्वाचं आहे. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्मृती गेलेल्या दोन रुग्णांना जेवणानंतर 10 ते 30 मिनिटांत पुन्हा ताट दिलं, तर ते पुन्हा जेवले. म्हणजे "जेवण झालं" हे पोटाइतकंच आठवणही ठरवते. मोबाइल पाहत जेवू नका ते याचसाठी. रिकाम्या वाट्या लगेच उचलायला देऊ नका, त्या समोर दिसू द्या.

लहान ताट घेतलं की कमी खाल्लं जातं, या सल्ल्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. ज्या संशोधकामुळे तो जगभर पसरला, त्याचे अनेक निबंध नंतर मागे घेतले गेले.

महालक्ष्म्यांच्या जेवणात प्रश्न वेगळा असतो, तो आग्रहाचा. "घ्या न जी, एकच" याला नाही म्हणणं म्हणजे यजमानाचा मान मोडणं वाटतं. वाढणाऱ्याचं लक्ष ताटातल्या रिकाम्या जागेकडे असतं. म्हणून पुरणपोळीचा शेवटचा चतकोर शेवटपर्यंत राहू द्या आणि "हे संपवून मागतो" म्हणा. तुपाची धार मात्र आधीच थांबवा. मोठा चमचाभर, म्हणजे 15 ग्रॅम तुपात साधारण 130 कॅलरी असतात, आणि आपल्याकडे पोळीवर एका चमच्यावर कोणी थांबत नाही. पुरणाची मनापासून तारीफ करा. यजमानाला बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.

सावजी रश्शाची आग विझवायला आपण भातावर भात घेत जातो, तो भुकेचा भात नसतो. दह्याची वाटी आधीच जवळ ठेवा. पाण्यानं ती आग जात नाही, कारण तिखटपणा पाण्यात विरघळत नाही.

लग्नघरातली जागरणंही यात धरा. 2004 च्या एका अभ्यासात 12 निरोगी तरुण दोन रात्री फक्त चार-चार तास झोपले. दहा तास झोप मिळाली होती तेव्हाच्या तुलनेत त्यांचं घ्रेलिन 28 टक्के जास्त आणि तृप्तीचा निरोप देणारं लेप्टिन 18 टक्के कमी भरलं.

हे सगळं अधूनमधून होणाऱ्या जास्त खाण्याबद्दल झालं. पण आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने, थोड्या वेळात खूप खाल्लं जात असेल, थांबता येत नसेल, लपून खाणं आणि नंतर स्वतःची किळस येणं होत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला कडक डाएट सांगू नका, त्यानं असे खाण्याचे झटके वाढू शकतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, किंवा सुरुवात म्हणून सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.