टीव्हीएची युनियन आपल्या विरोधात नव्हती

२०२०च्या ऑगस्टमध्ये ट्रम्पनी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी (टीव्हीए) या अमेरिकेतल्या सरकारी वीज कंपनीच्या चेअरमनला, आयटीचं काम बाहेर द्यायच्या निर्णयावरून, काढलं तेव्हा आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस तोच विषय चालू होता. कोणी म्हणे हे सगळं इलेक्शनसाठी चाललंय, कोणी म्हणे आता अमेरिकेतल्या नोकरीचा एच-वन-बी व्हिसा कायमचा बंद, आणि बहुतेकांचा सूर एकच, की तिकडच्या युनियनवाल्यांना आपण खुपतो, आपल्या पोटावर पाय द्यायला निघालेत. तेव्हापासून या विषयावर सविस्तर लिहायचं मनात होतं, कारण मी स्वतः हिंजवडीत बसून अशी आउटसोर्स होऊन आलेली कामं वर्षानुवर्षं केलेली आहेत आणि तरी हे काम बाहेर देऊ नका हे टीव्हीएच्या युनियनचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

आधी टीव्हीए म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. १९३३ साली, मंदीच्या ऐन काळात, रूझवेल्टनी कायदा करून ही सरकारी कंपनी काढली. टेनेसी नदीला पूर यायचे, जमीन धुपलेली, गावांमध्ये वीज नाही, मलेरिया घरोघर. धरणं बांधायची, पूर अडवायचा, वीज तयार करायची आणि ती लोकांना परवडेल अशा दरात द्यायची, हे तिचं काम. आज सात राज्यांतल्या साधारण एक कोटी लोकांपर्यंत तिची वीज जाते, तीन अणुवीज केंद्रं तिच्या ताब्यात आहेत, आणि ती सरकारी तिजोरीवर नाही तर वीज विकून आलेल्या पैशावर चालते. नफा वाटायला शेअरहोल्डर नाहीत, मालक म्हणजे तिथली जनता.

आपल्याकडे हे नाव फार कोणाला माहीत नसतं, पण टीव्हीएचा आपल्याशी जुना संबंध आहे. १९४२ ते ४६ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये लेबर मेंबर होते आणि सिंचन-वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ला दामोदरला भयंकर पूर आला, त्यानंतर त्या खोऱ्यासाठी टीव्हीएच्या धर्तीवर योजना करायची हा आग्रह त्यांनी धरला, टीव्हीएमधलाच एक इंजिनियर आराखड्यासाठी इकडे आला, आणि १९४८ला दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन उभं राहिलं. त्याच लेबर मेंबरच्या खुर्चीवरून १९४३ला त्यांनी मालकांनी युनियनला मान्यता दिलीच पाहिजे असं बिलही मांडलं होतं. नदीखोऱ्याचा विकास आणि कामगारांची संघटना, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सार्वजनिक संस्था उभी करायची म्हणजे नुसत्या भिंती आणि टर्बाइन उभं करायचं नसतं, ती चालवणारी माणसंही सांभाळावी लागतात.

तर २०२०ला काय झालं. टीव्हीएच्या मॅनेजमेंटनं ठरवलं की आयटीचं बरंचसं काम बाहेरच्या कंपन्यांना द्यायचं. व्हाइट हाऊसनं जो आकडा दिला त्यानुसार टेक्नॉलॉजीतल्या २० टक्के नोकऱ्या, म्हणजे २००हून जास्त माणसं. आणि हे ऐन कोविडमध्ये, जेव्हा दुसरी नोकरी शोधायला बाहेर पडायचीही सोय नव्हती. ज्या कंपन्यांना काम जाणार होतं त्यातली एकही भारतीय नव्हती, हे ग्रुपवर कोणी वाचलंच नव्हतं. कॅपजेमिनी फ्रान्सची, सीजीआय कॅनडाची, ॲक्सेंचर कागदोपत्री आयर्लंडची. टीव्हीएचं म्हणणं होतं की काम अमेरिकेतच होईल. युनियनला हे पटत नव्हतं, कारण या कंपन्यांचा धंदा कसा चालतो ते सगळ्यांना माहितीये. कॅपजेमिनीची एक लाखाहून जास्त माणसं भारतात आहेत, तळवड्याला तिचा केवढा मोठा कॅम्पस आहे ते पुण्यातल्या आयटीवाल्याला वेगळं सांगायला नको. आज काम टेनेसीतल्या चॅटनूगामध्ये व्हिसावाल्याकडे, उद्या काँट्रॅक्ट रिन्यू झालं की रेट खाली आणायला ते इकडे, हा रस्ता आपण इथे बसून रोज बघतो.

ही युनियन म्हणजे इंजिनियरिंग असोसिएशन, आयएफपीटीई या मोठ्या संघटनेची लोकल म्हणजे शाखा, क्रमांक १९३७. नावाप्रमाणे इंजिनियर, सायंटिस्ट, आयटीवाले अशा लोकांची, म्हणजे आपल्यासारख्याच पांढरपेशांची. त्यांचा मुद्दा साधा होता. ही संस्था जनतेची आहे, हिनं त्याच भागातल्या लोकांना काम द्यावं यासाठीच ती काढली होती, आणि ज्या सिस्टीमवर धरणं आणि अणुवीज केंद्रं असलेली कंपनी चालते तिची माहिती तीन बाहेरच्या कंपन्यांत वाटून टाकणं धोक्याचं आहे. आणि तिकडे सीईओचं वर्षाचं पॅकेज ८० लाख डॉलरच्या आसपास. वीज बिल भरणाऱ्या माणसानं विचारायला नको का की काटकसर नेमकी कुठून सुरू करायची?

यातला माहितीचा मुद्दा मला जवळून माहितीये, म्हणून त्यावर जरा थांबतो. आमच्याकडे एकदा परदेशातल्या एका सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थेचं बिलिंग सपोर्टला आलं होतं. केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, रात्रीच्या कॉलवर चालायचं. समोर एक बाई असायच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, सगळी नोकरी त्याच ऑफिसात झालेली. स्क्रीन शेअर करून एकेक जॉब, म्हणजे कॉम्प्युटरनं आपोआप करायचं काम, समजवायच्या, आवाजात कुठे राग नाही. एका रात्री त्यांनी एक जुनी स्क्रिप्ट उघडली, त्यात वर एक कमेंट होती की डोंगराकडच्या या अमुक भागांचं रीडिंग हिवाळ्यात उशिरा येतं, तोवर हा जॉब थांबवून ठेवा. त्या म्हणाल्या हे कुठल्या डॉक्युमेंटमध्ये सापडणार नाही, हे मीच लिहून ठेवलंय, कारण एका वर्षी म्हाताऱ्या लोकांना चुकीची बिलं गेली आणि ते बर्फातून ऑफिसला आले होते. मी ते ट्रॅकरमध्ये नोंदवलं, त्यांनी ते वाचून बघितलं आणि मगच पुढची स्क्रिप्ट उघडली.

नंतर काय होतं ते या लाइनमधल्या कोणालाही विचारा. वर्षभरात आमची अर्धी टीम बदलली, कोणी दुसऱ्या प्रोजेक्टला, कोणी दुसऱ्या कंपनीत, मग क्लायंटनं नवीन टूल घेतलं, स्क्रिप्ट त्यावर नेल्या, कमेंटा काही नेल्या नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्या भागात सरासरीची बिलं गेली. तक्रारीचं तिकीट उघडलं, वेळेत बंद झालं, एसएलए, म्हणजे काँट्रॅक्टमधली वेळेची अट, हिरवा. आमच्यातलं कोणी कामचुकार नव्हतं, पोरं रात्र रात्र जागत होती. पण त्या डोंगरातलं माणूस बिल बघून काय करतं हे ज्या बाईला माहीत होतं तिला घरी पाठवल्यावर ते काँट्रॅक्टमध्ये लिहून कसं येणार?

असंच कॅलिफोर्नियात झालं, तेही सरकारी विद्यापीठात. यूसीएसएफ, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचं मेडिकल विद्यापीठ आणि हॉस्पिटल. २०१६ला त्यांनी आयटीचं काम एचसीएलला दिलं, पाच वर्षांचं काँट्रॅक्ट, ५ कोटी डॉलरचं. पाच वर्षांत ३ कोटी डॉलर वाचतील असं सांगितलं. ४९ कायम कर्मचारी गेले, काँट्रॅक्टवाले धरले तर ७९, आणि जायच्या आधी आपलं काम समोरच्याला शिकवा असंही सांगितलं गेलं. २८ फेब्रुवारी २०१७ शेवटचा दिवस. तिथल्या यूपीटीई युनियननं निदर्शनं केली, लोकप्रतिनिधींनी पत्रं लिहिली, तरी विद्यापीठ हललं नाही. यूसीएसएफ ज्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा भाग आहे ते कॉम्प्युटर सायन्स शिकवणारं, पोरांकडून त्यासाठी फी घेणारं सरकारी विद्यापीठ स्वतःच्याच इंजिनियरांना असं घालवतं, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

टीव्हीएमध्ये मात्र माणसं वाचली. ३ ऑगस्टला ट्रम्पनी चेअरमन आणि बोर्डाच्या अजून एका मेंबरला काढलं (बोर्ड राष्ट्राध्यक्षच नेमतात), सीईओही बदला म्हणून सुनावलं, सरकारी काँट्रॅक्टमधल्या परदेशी कामगारांबद्दल एक ऑर्डर काढली आणि त्याच आठवड्यात टीव्हीएनं माघार घेतली. पण हे झालं कसं तर टीव्हीवर एक जाहिरात लागली होती, ती ट्रम्पनी बघितली. ती जाहिरात युनियनची नव्हती, व्हिसाच्या विरोधात असलेल्या वेगळ्याच एका संस्थेची होती. इथे आपल्या लोकांची गल्लत होते. ती संस्था म्हणते बाहेरचे लोक नकोत. युनियनची मागणी अशी की कामावर असलेल्यांना काढू नका आणि जनतेच्या संस्थेचे निर्णय बंद दाराआड घेऊ नका. दोघांनी एकाच वेळी एकच निर्णय हाणून पाडला म्हणून दोघं एक होत नाहीत.

आणि राजाच्या मर्जीवर मिळालेलं किती टिकतं तेही पुढे दिसलं. तेच ट्रम्प परत आल्यावर मार्च २०२५मध्ये त्यांनी राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन लाखो केंद्रीय कर्मचाऱ्यांचा सामूहिक वाटाघाटीचा हक्क काढून घेतला, ऑगस्टमध्ये त्या यादीत नासाही आलं, जिथले इंजिनियर याच आयएफपीटीईचे मेंबर आहेत. २०२०ला टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे जरूर आठवावं. मला म्हणून त्या जाहिरातीपेक्षा युनियनचं कंटाळवाणं काम जास्त मोलाचं वाटतं, मॅनेजमेंटकडून कागदपत्रं मागणं, काँग्रेसच्या मेंबरांना पत्रं, किती वाचणार त्याचा हिशोब दाखवा म्हणून मागे लागणं.

आता कोणी म्हणेल तुझं घर त्याच पैशावर चाललंय, मग हे तू कसं बोलतोस. चाललंय ना, आणि म्हणूनच बोलतोय. ज्या रेटसाठी ते काम इकडे आलं त्याच रेटसाठी ते उद्या मनिलाला जातं किंवा एआयकडे जातं. जुलै २०२५मध्ये टीसीएसनं १२ हजारांहून जास्त लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं तेव्हा पुण्यातल्या मधल्या फळीतल्या, चाळिशीतल्या, होम लोनवाल्या लोकांची जी अवस्था झाली ती टेनेसीतल्या माणसाहून वेगळी नव्हती. तेव्हा कामगार खात्याकडे तक्रार घेऊन कोण गेलं तर पुण्यातली नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना. बाकी आम्ही सगळे लिंक्डइनवर ओपन टू वर्क लावून बसलो. आपण इंजिनियर, युनियन म्हणजे गिरणीवाल्यांची गोष्ट, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की बावीस वर्षं नोकरी झालेला माणूस एचआरच्या केबिनमध्ये एकटा जातो आणि अर्ध्या तासात राजीनामा देऊन बाहेर येतो.

खरं तर आपल्या राज्यात उदाहरण आहे आणि तेही विजेच्याच खात्यातलं. जानेवारी २०२३मध्ये अदानींच्या कंपनीनं मुंबईजवळच्या भागात समांतर वीज वितरणाचं लायसन्स मागितलं म्हणून महावितरण, महापारेषण, महानिर्मितीच्या तीसेक संघटना ७२ तासांच्या संपावर गेल्या. लाइनमन आणि इंजिनियर एकाच गेटवर उभे होते. पहिल्याच दिवशी फडणवीसांबरोबर बैठक झाली, सरकार खासगीकरण करणार नाही असं आश्वासन मिळालं आणि संप मागे घेतला गेला. मीटर रीडिंगसारखी कामं एजन्सीकडे गेलेलीच आहेत, त्यामुळे सगळं जिंकलं असं मी म्हणणार नाही, पण निदान समोर बसून विचारता आलं.

सरकारी आयटीचं काम कोणी करावं यावर माझं मत आता पक्कं आहे. बिलिंग, पगार, रेशन, दवाखान्याच्या नोंदी, ही कामं जिथल्या लोकांची आहेत तिथल्या कायम नोकरीतल्या माणसांनी करावीत, बाहेरची मदत लागली तर घ्यावी, पण किल्ली बाहेर देऊ नये. हे मी टेनेसीसाठी म्हणतो तसं महाराष्ट्रासाठीही म्हणतो. इथल्या कितीतरी सरकारी पोर्टलमागे काँट्रॅक्टवरची पोरं बसलेली आहेत, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, त्यांच्याकडे ना पीएफचा धड हिशोब ना उद्याची खात्री, आणि ते गेले की पासवर्डसुद्धा कोणाला माहीत नसतो. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर तुमच्या ऑर्डरची आणि सॅलरी स्लिपची कॉपी जपून ठेवा, पीएफचं पासबुक दर महिन्याला बघा, आणि तुमच्या खात्यात कर्मचारी संघटना असेल तर काँट्रॅक्टवाल्यांना मेंबर करून घेतात का ते विचारा. नाही म्हणाले तर का नाही तेही विचारा.