रडण्याचा शॉट घ्यायचा का?

ब्रेकअपवरचा म्युझिक व्हिडिओ कसा करायचा, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. म्युझिक व्हिडिओचा प्रोजेक्ट घेऊन मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा विषय बहुतेक वेळा ब्रेकअपच असतो. आणि बसल्याबसल्या पहिला प्रश्न हाच येतो: मॅडम, रडण्याचा शॉट घ्यायचा का?

माझं उत्तर असतं, आराखड्यात तरी नको. रडणं खोटं किंवा स्वस्त असतं म्हणून नव्हे. सोळा-सतराव्या वर्षी नातं तुटतं ते खरंच तुटतं. ‘या वयात असं चालायचंच’ म्हणून घरचे ते उडवून लावतात, आणि मुलांना त्यावर व्हिडिओ करावासा वाटतो तो बहुधा त्यामुळेच. अडचण वेगळी आहे. गाणं आधीच रडत असतं. गाणाऱ्याचा आवाज, शब्द, चाल या सगळ्यांनी जे सांगून झालंय तेच चित्रानंही सांगितलं, तर बघणाऱ्याला स्वतःचं काही घालायला जागाच राहत नाही.

साधारण शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकानं एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा आधीच चित्रित झालेला शॉट निवडला आणि तोच शॉट आलटून पालटून सुपाची वाटी, शवपेटी आणि एक स्त्री यांच्या शॉट्सना जोडला. चेहरा तोच, पण लोकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी ओढ. संकलन, म्हणजे एडिटिंग, शिकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग सांगितला जातो. ब्रेकअपच्या व्हिडिओला तो फार कामाचा आहे. तुमच्या मैत्रिणीला अभिनय येत नसेल तरी चालेल. तिनं फक्त बघायचं आहे. ती कशाकडे बघते, ते तुम्ही ठरवायचं.

म्हणून मी मुलांना आधी एक वस्तू किंवा एक सवय शोधायला लावते, जी दोघांची होती आणि आता एकाचीच उरली. एका गटानं वायरवाले इअरफोन आणले होते. पहिल्या मुखड्यात एकच वायर, दोन डोकी. त्याच्या डाव्या कानात एक, तिच्या उजव्या कानात एक. पुढच्या कडव्यात ती एकटी बसलीय, उजव्या कानात इअरफोन घालते, आणि दुसरा तसाच छातीवर लोंबत राहतो. सवयीनं. कॅमेरा त्या लोंबणाऱ्या टोकावर थांबतो, त्यातून बारीक आवाज येत असावा असं वाटत राहतं. शेवटच्या कडव्यात ती ते टोक उचलते, टी-शर्टला पुसते आणि स्वतःच्या डाव्या कानात घालते. संपलं. ना भांडण, ना पाऊस, ना फाडलेला फोटो. मला ती कल्पना अजून आवडते, कारण गाणं ऐकण्याची गोष्ट गाण्यातच सांगितली गेली. त्यांनी तर तोवरचं गाणं फक्त उजव्या बाजूनं ऐकू येईल असं ठेवून, शेवटी डावी बाजू उघडायचं ठरवलं होतं. फोनच्या स्पीकरवर हे कळत नाही, पण इअरफोन लावून बघणाऱ्याच्या अंगावर काटा येईल.

कल्पना सापडली की लगेच कॅमेरा उचलू नका. गाणं कागदावर उतरवा: किती सेकंदांना मुखडा, कुठे कडवं, कुठे वाद्यं एकदम थांबतात. साडेतीन मिनिटांचं गाणं म्हणजे 210 सेकंद. सरासरी तीन सेकंदांचा शॉट धरला तरी सत्तर शॉट लागतात, आणि मुलांच्या यादीत बहुतेक वेळा त्याच्या निम्मेही नसतात. मग संकलनाच्या वेळी तोच बाक, तीच खिडकी पुन्हा पुन्हा येते. ठेकाही मोजून घ्या. मिनिटाला 90 ठोके आणि सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 स्थिर चित्रं, असतील, तर एक ठोका बरोबर 16 फ्रेमचा होतो. पण प्रत्येक ठोक्यावर कट मारू नका. दुःखाच्या गाण्यात कट थोडा उशिरा आला की शॉट जड होतो, आणि तेच हवं असतं.

शूटिंगच्या क्रमाबद्दल माझा एक आग्रह असतो. काम करणारी दोघं एकमेकांना नवखी असतील, तर दुराव्याचे शॉट आधी घ्या आणि आनंदाचे शेवटी. पहिल्या दिवशी त्यांच्यात जो अवघडलेपणा असतो, तो फुकट मिळालेला अभिनय आहे. शेवटच्या दिवसापर्यंत ती दोघं खरंच हसायला लागलेली असतात. कालचं आणि आजचं वेगळं कळावं म्हणून पिवळट रंग चढवायची गरज नाही. केसांची ठेवण आणि कपडे बदलले की पुरतं.

लिपसिंक, म्हणजे गाण्याबरोबर ओठ जुळवणं, असेल तर सेटवर गाणं मोठ्यानं वाजवा आणि नुसते ओठ हलवू न देता खरंच गायला लावा; गळ्याच्या शिरा खोटं बोलत नाहीत. स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओसाठी 50 फ्रेमनं शूट करा, सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवा, आणि संकलनात निम्म्या गतीवर आणा.

हे सगळं करताना कुणाला खरंच रडू आलं, तर आधी कॅमेरा बंद करा आणि पाणी द्या. तो शॉट ठेवायचा की नाही, ते ज्याचं रडू आहे त्यानं नंतर शांतपणे ठरवावं.

दुसऱ्या माणसाबद्दलही बोलायला हवं. पटकथेत सोडून जाणारा मुलगा किंवा मुलगी नेहमी दुष्ट असते, आणि व्हिडिओ तिथेच पोकळ होतो. त्यालाही एक शॉट द्या, एकटा असतानाचा. आणि खऱ्या आयुष्यातले चॅट, फोटो, नावं, ओळखू येईल असा डीपी, यातलं काहीही वापरू नका. तो समोरचा माणूसही सोळा वर्षांचाच आहे, आणि वर्गातल्या सगळ्यांना तो कोण ते कळणार आहे. चॅट दाखवायचाच तर नवा लिहा. तो खऱ्यापेक्षा नेमका लिहिता येतो.

गाण्याचं मात्र सगळ्यात आधी बघा. दुसऱ्याचं गाणं घेतलं तर त्यात दोन वेगळे हक्क असतात, एक शब्द आणि चालीचा, दुसरा त्या ध्वनिमुद्रणाचा. व्हिडिओ वर्गाबाहेर दाखवायचा असेल तर दोन्हींची परवानगी लागते. मूळ गायकाला श्रेय दिलं म्हणून ती मिळाली असं होत नाही. वर्गात कुणी चाली लावत असेल तर त्याच्याकडे जा, त्याच्याकडून संमती लेखी घ्या, आणि कडवी त्याच्याबरोबर बसून लिहा. म्हणजे वाद्यं कुठे थांबवायची, हेही तुमच्याच हातात राहील.