कातरणातून चेहरा: विडी वळणाऱ्या अक्कांचं चित्र करताना

सोलापुरात टाकाऊ वस्तूंतून चित्र करायचं तर साहित्यासाठी वणवण करावी लागत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला टॉवेलची चिंधी किलोवर मिळते. जुने जकार्ड, म्हणजे मागावर नक्षी विणणारी यंत्रं, निघाले की त्यांचे भोकांचे पत्ते रद्दीत येतात. पूर्व भागात घरोघरी विड्या वळतात, तिथे पान कापून उरलेल्या कडा असतातच. अडचण वेगळीच आहे. साहित्य एवढं बोलकं असतं की करणारा त्यातच रमतो. पदराला मागावर आडवा धागा नेणारे धोटे, गळ्यात सुताच्या कांड्या, आणि चेहरा मात्र कुणाचाच नाही.

ओळख पटते ती उजेड-सावलीमुळे, रंगामुळे नव्हे. म्हणून फोटो दाराशी बसवून, एका बाजूने उजेड घेऊन काढा. समोरून फ्लॅश मारला की नाक सपाट होतं आणि मग कुठलीही चिंधी ते उठवू शकत नाही. सेल्फी घेऊ नका. काही फोन तो आरशासारखा उलटा साठवतात, आणि पदर उजव्या खांद्यावर, चमकी भलत्या नाकपुडीवर जाऊन बसते.

फोटो काळा-पांढरा करून पाच छटांत आणा आणि ६ बाय ८ इंचांत छापा. त्यावर अर्ध्या इंचाच्या चौकटी आखा. १२ मिलिमीटर प्लायवूडचा १८ बाय २४ इंचांचा तुकडा घ्या, त्यावर दीड इंचाच्या चौकटी; फोटोतली एकेक चौकट फळीवर तिच्या जागी मोठी करून उतरवायची. आखण्याआधी फेविकॉलमध्ये चौपट पाणी घालून प्लायला दोन्ही बाजूंनी एक हात द्या. एकाच बाजूने दिला तर फळी वाकते.

आता साहित्य पाच डब्यांत लावा. रंगाप्रमाणे नाही, गडदपणाप्रमाणे. डोळा इथे हमखास फसतो: लाल चिंधी उजळ वाटते, पण काळ्या-पांढऱ्या फोटोत ती कॉफी रंगाच्या शेजारी जाऊन बसते. सगळे तुकडे जमिनीवर पसरून फोनने काळा-पांढरा फोटो काढला की वाद मिटतो.

त्वचेसाठी तेंदूच्या, म्हणजे विडीच्याच, पानाला तोड नाही. हिरवट खाकीपासून गडद तपकिरीपर्यंत सगळ्या छटा त्यातच मिळतात. कातरण मागताना मात्र पान कापतानाचंच मागा. वळणीच्या सुपातला केर नको, त्यात तंबाखू असतो. त्याचे डाग पडतात, वास जात नाही, आणि ओल्या हाताला लागला तर निकोटिन कातडीतून अंगात जातं. कोरडं पान दाबलं की तडकतं. ओल्या फडक्यात गुंडाळून नरम करा, पुसून घ्या, मग चिकटवा. शिरांची दिशा गालाच्या गोलाईबरोबर फिरवा. शिरा आडव्या गेल्या तर गालावर सुरकुती दिसते, जी अक्कांना नसते. वर मेणकागद, त्यावर वजन, रात्रभर. फेविकॉल ओला असताना पान एक छटा गडद दिसतं, त्यामुळे सुकण्याआधी बदलाबदल करू नका.

एप्रिल-मेमध्ये इथे गोंदावर बघता बघता साय धरते आणि पानाच्या कडा उचलतात. हातभर जागेला एकदम गोंद लावू नका, तळहाताएवढाच भाग घ्या, सकाळी काम करा. पावसाळ्यात उलटं: पानाखाली ओल राहून बुरशी येते. तेव्हा वजन काढल्यावर दोन दिवस पंख्याखाली ठेवा.

सगळा जीव भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंतच्या पट्ट्यात ओता. इथला तुकडा पाव इंचाहून मोठा नको. बुबुळासाठी बटण, मणी लावण्याचा मोह आवरा. चकाकणारी वस्तू डोळ्यात गेली की माणूस बाहुलीसारखा दिसतो. काळ्या चिंधीचा ठिपका आणि बाजूला फिक्या सुताचा एक कण पुरतो. दर थोड्या वेळाने आठ-दहा फूट मागे जाऊन बघा. जवळून हे काम नेहमी चुकीचंच दिसतं.

टॉवेलची चिंधी केसांना आणि पदराला. ती आधी गरम साबणपाण्यात धुवा. रंग सुटणारी इथेच कळते. गोंद कापडाला लावला तर फासांतून वर येतो आणि लव कडक, काळपट होते. फळीला घट्ट थर द्या, थोडा चिकट होऊ द्या, मग कापड हलकं दाबा. लव एका दिशेला विंचरली की तोच तुकडा उजळ दिसतो, उलट विंचरली की गडद. पिकलेल्या केसांना पांढऱ्या सुताचा गुंता.

जकार्डचे पत्ते मागच्या पटासाठी उत्तम. खाली काळा कागद ठेवला की दाट भोकांचा पत्ता गडद दिसतो, विरळ भोकांचा उजळ. १८३९ साली फ्रान्समधल्या ल्योंमध्ये या यंत्राचा जनक जकार्ड याचंच चित्र रेशमात विणलं होतं, त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले. आपल्याला मूठभर पुरतात.

धोटा घ्यायचाच तर एकच, चौकटीच्या कडेला, मागून स्क्रूने. गोंदावर तो टिकत नाही. शेवटी मॅट वॉर्निश फक्त पानावर, दोन पातळ हात. चकचकीत वॉर्निशने गालावरची सावली ट्यूबलाइटखाली पांढरी होते. कापडाला ते लावूच नका.