फाल्गुनातली डागडुजी: आधी नळ्या, मग आळी

होळी झाली की दुपारचं ऊन बोलायला लागतं. विहिरीत पाणी अजून दिसतंय, पण वैशाखात ते कुठवर जाईल याचा भरवसा मराठवाड्यात कुणी धरत नाही. म्हणून या पंधरवड्याची कामं पाण्यावरून लावलेली बरी. पाणी जिथं वाया जातं, तिथं पहिला हात.

म्हणजे ठिबक सिंचन. नळी वरून ओली दिसते म्हणून ती नीट चालतेय असं होत नाही. नळीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीखाली, एकेक डबा ठेवायचा. ताशी ४ लिटरचा ड्रीपर १५ मिनिटांत १ लिटर पाणी देतो. शेवटच्या डब्यात पाऊण लिटरही भरलं नाही, तर कुठंतरी अडलंय. ड्रीपर सुईनं कोरू नये. भोक मोठं होतं, तिथलं झाड पाणी ओढतं आणि टोकाचं झाड सुकतं.

काय अडलंय ते आधी बघावं. पांढरी खर असेल तर क्षार. आपल्याकडच्या विहिरी-बोअरच्या जड पाण्याचा हा नेहमीचा त्रास. हिरवं बुळबुळीत असेल तर शेवाळ, त्याला क्लोरीन लागतं. क्षारांना हायड्रोक्लोरिक आम्ल. ही दोन्ही कधीच एकत्र करू नयेत, विषारी वायू निघतो.

प्लास्टिकच्या बादलीत मोजून १ लिटर पाणी घ्यायचं, हातमोजे घालून त्यात थेंबाथेंबानं आम्ल सोडायचं. आम्लच पाण्यात सोडायचं; उलट पाणी आम्लात ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. पट्टीवर सामू (pH) ४ आला की किती आम्ल लागलं ते लिहून ठेवायचं आणि त्याच प्रमाणात व्हेंच्युरीतून, म्हणजे ठिबकच्या पाण्यात आम्ल ओढून घेणाऱ्या जोडणीतून, द्यायचं. शेवटच्या ड्रीपरच्या पाण्याचा सामू ४ दिसला की मोटर बंद. नळ्या २४ तास तशाच भरलेल्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी आधी सबमेनचा, म्हणजे नळ्या जिथून फुटतात त्या पाइपचा, धुण्याचा (फ्लश) व्हॉल्व्ह उघडायचा, मग चार-पाच नळ्यांची टोकं एका वेळी. सगळी टोकं एकदम सोडली तर दाब पडतो आणि सुटलेली खर आतच बसते. फिल्टरची जाळी आधीच धुतलेली हवी, नाहीतर हा सगळा खटाटोप फुकट.

खारीनं कुरतडलेल्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळण्यात अर्थ नाही. तेवढा तुकडा सरळ कापून जॉइनर टाकावा.

आंब्याला आता कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्यात. पाणी लांबवून मग एकदम भरपूर दिलं की गळ वाढते. थोडं, पण ठरल्या दिवशी द्यावं. मोठ्या झाडाची पाणी ओढणारी मुळं बुंध्यापाशी नसतात, म्हणून नळीचा वेढा फांद्यांच्या घेराखाली हवा. बुंध्याभोवतीच्या आळ्यात सोयाबीनचं भुसकट चार-पाच बोटं जाड पसरायचं, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून. भुसकट खोडाला टेकलं की वाळवी चढते. काळ्या जमिनीला आच्छादन नसेल तर भेगा पडतात, आणि भेगांतून खालची ओलही उडून जाते.

वसरीवरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, अवकाळीच्या आधी उरकायला हवं. पहिल्यांदा गवत मुळासकट काढायचं. मूळ कुजलं की त्याच वाटेनं पाणी आत उतरतं. भेग खुरप्यानं थोडी रुंद करायची, पाणी शिंपडायचं आणि पांढरी माती व भुसा मळून केलेला चिखल भरून चोपण्यानं चोपायचं. काळी माती इथं चालत नाही, ती वाळली की पुन्हा फाटते. चिखलावर दोन-तीन दिवस ओलं पोतं राहू द्यावं. उतार पन्हाळीकडे आहे ना, हे तांब्याभर पाणी ओतून कळतं.

दरवर्षी जुन्या थरावर नवा थर चढवण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. १० फूट बाय १० फूट माळवदावर ३ इंच माती म्हणजे एक टनाच्या आसपास वजन, तेही कोरडं असताना. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि असलीच जड छपरं झोपलेल्या माणसांवर आली. आधी जुनं खरवडून उतरवायचं, मगच नवं. तुळयाही ठोकून बघाव्यात. पोकळ आवाज आला तर वाळवीनं आतून खाल्लंय, आणि मग वर चढण्याआधी टेकू द्यावाच लागेल.

परसात भेंडी, गवार, दोडकं, कारलं. कारल्याचं बी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात ठेवलं की लवकर मोड येतो. एका आळ्यात तीन-चार बिया, पुढं दोनच वेल ठेवायचे. मांडवाला तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या घ्याव्यात. कपाशीच्या काड्या, पऱ्हाट्या नकोत. त्यांच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर जाते.

बी उद्या भिजत घालायचं नाही. आधी नळ्यांची टोकं सोडून पाणी स्वच्छ येतंय का ते बघायचं.