व्हिसाची मुलाखत: कोणते शहर, कोणता महिना

अमेरिकेच्या व्हिसाचा विषय निघाला की आमच्या नात्यागोत्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: सर्वांत जवळची तारीख कुठे मिळते आहे? आई-बाबांना न्यू जर्सीला ताईकडे पाठवायचे ठरले तेव्हाही घरातली चर्चा तिथूनच सुरू झाली. माझे मत मात्र त्या चर्चेअखेर पक्के झाले की अर्जदार ज्येष्ठ असतील आणि पहिल्यांदाच जात असतील, तर जवळच्या तारखेचा विचार सर्वांत शेवटी करावा.

भारतात मुलाखती पाच ठिकाणी होतात: दिल्लीचा दूतावास आणि मुंबई, चेन्नई, कोलकाता व हैदराबाद इथल्या वकिलाती. भारतात राहणाऱ्याला यांपैकी कोणतेही शहर निवडता येते. आपण मुंबईकर म्हणून मुंबईतच अर्ज करायला हवा, असे बंधन नाही. देशाबाहेरचा पर्याय मात्र आता उरलेला नाही. २०२३ मध्ये इथल्या रांगा फार वाढल्या होत्या, तेव्हा बँकॉकला जाऊन मुलाखत देण्याची मुभा होती. पण सप्टेंबर २०२५ पासून अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी, असा नियम झाला आहे. त्याच महिन्यात मुलाखतीतून मिळणाऱ्या बहुतेक सवलतीही संपल्या, त्यामुळे ऐंशीच्या आजीलाही आता साधारणपणे स्वतः खिडकीपुढे उभे राहावे लागते.

आमच्या काकांनी हैदराबादचा आग्रह धरला, कारण तिथली तारीख मुंबईच्या बऱ्याच आधीची दिसत होती. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. तरुण माणूस रात्रीच्या हुसेनसागर एक्स्प्रेसने जाऊन काम उरकून येऊ शकतो. परंतु या व्हिसासाठी एक नव्हे, दोन हेलपाटे असतात. आधी व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि छायाचित्र, आणि त्यानंतर किमान एक दिवसाने वकिलातीत मुलाखत. ही दोन्ही कामे वेगवेगळ्या शहरांत घेता येतात, त्यामुळे ठसे मुंबईत देऊन मुलाखतीपुरते हैदराबादला जाणे शक्य होते. तरीही गुडघे दुखणाऱ्या बाबांनी अनोळखी शहरात मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताजेतवाने होऊन अधिकाऱ्यापुढे उभे राहायचे, हे मला पटेना.

पण खरा निर्णय आईच्या एका वाक्याने झाला. “मला मराठीत बोलू देणार असतील तर काय विचारायचं ते विचारू देत,” असे ती म्हणाली. मुंबईच्या वकिलातीत इंग्रजीखेरीज मराठी, गुजराती आणि हिंदीत मुलाखत देण्याची सोय आहे, आणि ही गोष्ट शहर निवडताना फारच थोडी माणसे लक्षात घेतात. मुलाखत पुष्कळदा दोन-चार मिनिटांत संपते. कागदपत्रांची जाडजूड फाइल बरोबर असली तरी ती उघडली जाईलच असे नाही. अधिकारी समोरच्या अर्जाकडे पाहून कुठे जाणार, कोणाकडे, किती दिवस, इथे मागे कोण आहे, असे साधे प्रश्न विचारतो. आपण परत येऊ, हे पटवून देण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावर आहे. अशा वेळी आयुष्यभर मराठीत संसार केलेल्या बाईला तिच्या भाषेत सरळ, नेमके उत्तर देता येणे याचे मोल मला काही आठवडे लवकर मिळणाऱ्या तारखेपेक्षा खूप अधिक वाटते.

शहर ठरले, मग महिना. पर्यटक व्हिसा भारतीयांना बहुधा दहा वर्षांचा मिळतो. त्यामुळे बाळंतपण, मुंज, पदवीदान असे निमित्त समोर येईपर्यंत थांबण्याचे कारणच नाही. घाई असते ती उशिरा अर्ज केल्यामुळे. निमित्त ठरलेले असेलच, तर जायच्या तारखेपासून मागे मोजत यावे: पासपोर्ट परत मिळण्याचा अवधी, आणि प्रकरण अमेरिकी कायद्याच्या कलम २२१(जी) खाली अधिक तपासणीसाठी राहिले तर लागणारा, आधी सांगता न येणारा काळ. विमानाची तिकिटे व्हिसा हातात आल्यावरच काढावीत. १८५ डॉलरचे शुल्क परत मिळत नाही, पण भरल्यापासून ३६५ दिवस त्यावर तारीख घेता येते. मात्र १ जानेवारी २०२५ पासून तारीख एकदाच विनाशुल्क बदलता येते, त्यानंतर शुल्क पुन्हा भरावे लागते. म्हणून ‘आता मिळेल ती घेऊ, मग बघू’ हा जुना मार्ग आता जपून वापरावा.

मुंबईपुरते सांगायचे, तर जुलैची तारीख मी शक्यतो टाळली. वकिलात २०११ मध्ये ब्रीच कँडीहून वांद्रे-कुर्ला संकुलात आली, आणि मोठी भरती व मुसळधार पाऊस एकाच सकाळी आले की कुर्ला-शीव भागात रुळांवर पाणी भरते. भुयारी मेट्रोमुळे संकुलापर्यंत पोहोचणे आता पुष्कळ सोपे झाले आहे, पण डोंबिवलीहून येणाऱ्याला आधी लोकलच गाठावी लागते. आम्ही जानेवारी निवडला. आत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे ज्येष्ठांना सोडायला गेलेल्याने बाहेर भेटण्याची जागा आधीच ठरवून ठेवावी.

तारीख मिळवून देतो म्हणून व्हिसा संकेतस्थळावरील खात्याचा पासवर्ड मागणाऱ्यांना तो देऊ नये, हे मी कळकळीने सांगेन. मार्च २०२५ मध्ये दूतावासाने स्वयंचलित प्रणालीने घेतलेल्या सुमारे २,००० तारखा रद्द केल्या आणि संबंधित खात्यांची तारीख घेण्याची सोयही थांबवली.

आता घरात भाचीच्या विद्यार्थी व्हिसाची तयारी सुरू आहे, आणि तिचे गणित निराळे आहे. तिला इंग्रजीची अडचण नाही, एकटीने प्रवासही जमतो, त्यामुळे तिच्यासाठी पाचही शहरे खुली आहेत आणि तिथे लवकरची तारीखच महत्त्वाची. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपर्यंत हा व्हिसा मिळू शकतो, जरी अमेरिकेत प्रवेश ३० दिवसच आधी करता येतो. २०२५ च्या मे महिन्याअखेर विद्यार्थ्यांच्या नव्या तारखा देणे तीन आठवडे थांबवले गेले, तेव्हा ज्यांच्या तारखा आधीच ठरल्या होत्या त्यांच्या मुलाखती कायम राहिल्या. म्हणून विद्यापीठाकडून आय-२० हा प्रवेशाचा दाखला येताच तिचे ३५० डॉलरचे सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे) शुल्क भरायचे, डीएस-१६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज पूर्ण करायचा आणि मे-जूनची गर्दी सुरू होण्याआधी जे शहर मिळेल ते घ्यायचे, असे आम्ही ठरवले आहे.